दहा सेकंदांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या सोसायटीतले लाईट गेले. पुण्यात पावसाळ्यात लाईट जाणं ही काही लेख लिहिण्याजोगी घटना नव्हे. पण नेमक्या त्या वेळी चौथ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये होत्या, आणि खाली पार्किंगच्या कोपऱ्यात पत्र्याच्या हिरव्या पेटीत आमचा जनरेटर स्वस्थ बसून होता. लाईट गेले की त्याने आपोआप सुरू व्हावं आणि लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे एवढं तरी चालू ठेवावं, एवढ्याचसाठी आम्ही तो घेतलेला. त्या दिवशी तो सुरू झाला नाही. वॉचमन, वरच्या मजल्यावरची दोन मुलं आणि मी, अशा चौघांनी धावपळ करून आजींना बाहेर काढलं, तोवर पंचवीस मिनिटं गेली होती. आजी शांत होत्या. "आत अंधार होता, त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या, "पण कुणी येतंय की नाही, तेच कळेना."

दुसऱ्या दिवशी देखभालीचा मिस्त्री आला. इंजिन ठणठणीत होतं, बॅटरी भरलेली होती, टाकीत डिझेल होतं. पॅनेलवरचा सिलेक्टर मात्र 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर होता. आधीच्या महिन्यात कुणीतरी इंजिन हाताने चालवून पाहिलं होतं आणि बटण परत फिरवायचं राहून गेलं होतं. म्हणजे जनरेटर नीट चालतो ना, हे पाहण्याच्या नादातच तो निकामी होऊन बसला होता.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. एका सभासदाने सरळ सुचवलं, "हल्ली लाईट जातातच कुठे? वर्षाचा देखभालीचा करार बंद करून टाकू. पैसे वाचतील." मुद्दा अगदीच चुकीचा वाटत नव्हता. मी कमिटीवर असल्यामुळे उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली, आणि मला उत्तर देता आलं नाही. वर्षातून चार-सहा वेळाच लागणारं यंत्र, जेव्हा लागेल तेव्हा हटकून चालेल, याची हमी माणसाने कशी मिळवली? आणि ती खरोखर मिळाली आहे का? त्या शोधात जे वाचलं, त्यातून हा लेख झाला.

हँडल, बटण आणि विझलेला दिवा

खेड्यात वाढलेल्या जुन्या वाचकांना विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवत असेल. दोन्ही बाजूंना जड लोखंडी चाकं आणि एका अंगाला लावायचं हँडल. एका हाताने झडप उघडी ठेवणारी कळ धरायची, दुसऱ्या हाताने हँडल गरागरा फिरवायचं आणि चाकाने वेग घेतला की कळ सोडून द्यायची. मग पहिला धूर, पहिला ठोका, आणि शिवारभर पसरणारा तो पुकपुक आवाज. हँडल वेळेवर निसटलं नाही तर मनगट मोडायचं.

ही खटपट लागायची, कारण डिझेल इंजिनाचं तत्त्वच तसं आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती दाबामुळेच तापते, आणि तिच्यात फवारलेलं इंधन आपोआप पेट घेतं. सायकलचा पंप भराभर मारला की त्याचं खालचं टोक गरम लागतं, तोच हा प्रकार. मात्र हवा तापायची तर दाब झटक्यात पडायला हवा. हळू फिरवलं तर उष्णता सिलिंडरच्या थंड लोखंडात निघून जाते. म्हणून पहिले काही फेरे इंजिनाला दुसऱ्या कुणीतरी द्यावे लागतात. हजारो दिवे पेटवू शकणारं हे यंत्र स्वतःच्या बळावर जागं होऊ शकत नाही. या लेखातल्या बहुतेक अपघातांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

हाताची जागा बॅटरीने घेतली ती आधी मोटारगाडीत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला. बॅटरीतून एका छोट्या मोटरला वीज, मोटरने इंजिनाला गिरकी, आणि बाहेर उभं राहून हँडल मारण्याचं काम संपलं. याच केटरिंगच्या एका कंपनीने १९१६ मध्ये 'डेल्को लाइट' हा घरगुती वीजसंच बाजारात आणला. जिथे विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या अशा शेतघरांसाठी तो होता.

पुढची पायरी विस्कॉन्सिनमधल्या कोहलर कंपनीने गाठली. तिचा १९२० चा 'कोहलर ऑटोमॅटिक' हा ११० व्होल्टचा संच घरामागच्या खोपटात ठेवायचा. घरात कुणी दिव्याचं बटण दाबलं की तिकडे इंजिन आपोआप सुरू व्हायचं आणि शेवटचा दिवा मालवला की थांबायचं. यंत्राला निरोप द्यायला माणसाने जाण्याची गरज उरली नाही.

आज आपण ज्याला बॅकअप जनरेटर म्हणतो, त्यात हीच युक्ती उलटी करून वापरलेली आहे. कोहलरच्या संचात दिवा लावणं हा सुरू होण्याचा इशारा होता. बॅकअपमध्ये दिवा विझणं हा इशारा असतो. फरक छोटा वाटतो, पण त्याने सगळं बदललं. शेतघरातला संच रोज संध्याकाळी चालायचा. बिघडला तर त्याच संध्याकाळी कळायचं. बॅकअपचा संच मात्र महिनोन्महिने गप्प असतो, आणि गप्प असलेलं यंत्र धडधाकट आहे की मेलेलं आहे, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही.

पौर्णिमेची रात्र, १९६५

बॅकअपचा प्रश्न एखाद्या इमारतीचा नसून सगळ्या समाजाचा आहे, हे जगाला समजलं ते ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात नायगाराकाठी सर अ‍ॅडम बेक वीजकेंद्र आहे. तिथून टोरांटोकडे जाणाऱ्या पाच वाहिन्यांपैकी एकीवरचा संरक्षक रिले ५ वाजून १६ मिनिटांनी पडला. रिले बिघडलेला नव्हता. काही वर्षांपूर्वी त्याची मर्यादा ज्या आकड्यावर बांधली होती, तो आकडा वाढत्या मागणीला आता तोकडा पडत होता. एका वाहिनीचा भार उरलेल्या चारांवर गेला आणि पाहता पाहता त्याही पडल्या. टोरांटोकडे निघालेली सगळी वीज उलट फिरून दक्षिणेला न्यूयॉर्क राज्यात घुसली. थोड्याच मिनिटांत ईशान्य अमेरिका आणि ओंटारिओतले सुमारे ३ कोटी लोक अंधारात बुडाले. काही भागांत तेरा तास वीज आली नाही.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत लाखो माणसं अडकली. बहुमजली इमारतींच्या लिफ्ट मजल्यांच्या मध्येच थांबल्या. विमानतळाच्या धावपट्ट्यांवरचे दिवे गेले. आकाशात पौर्णिमेचा चंद्र होता, आपल्याकडच्या त्रिपुरी पौर्णिमेचाच तो सुमार. त्या चांदण्याने वैमानिकांना आणि रस्त्यावरच्या माणसांना मोठा हात दिला. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहराची त्या रात्रीची खात्रीची बॅकअप व्यवस्था म्हणजे चंद्र होता, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

अनेक रुग्णालयांकडे पुरेशी पर्यायी वीज नव्हती, हे त्या रात्री उघड झालं. पण त्याहून चमत्कारिक गोष्ट वीजकेंद्रांच्या आत घडली. वीजकेंद्र चालायला वीज लागते. पंप, पंखे, नियंत्रणाची उपकरणं, सगळं विजेवर. वीज तयार करणारी केंद्रं बंद पडली तेव्हा त्यांना पुन्हा सुरू करायलाच वीज उरली नाही. न्यूयॉर्कच्या रेव्हन्सवुड केंद्रात सुमारे १००० मेगावॉटचा एक अजस्र संच होता. लोक त्याला 'बिग अ‍ॅलिस' म्हणत. वीज गेली तसे त्याच्या बेअरिंगांना तेल पुरवणारे पंप थांबले. भलंमोठं चाक मात्र आपल्या वेगाने फिरतच राहिलं, आणि तेलावाचून बेअरिंगं खराब झाली. एका छोट्या पंपाला पर्यायी वीज नव्हती, म्हणून एवढा मोठा संच जायबंदी झाला.

या रात्रीनंतर वीजकेंद्रांत अंधारातूनही स्वबळावर उठू शकणारे छोटे संच बसवण्याची पद्धत रुजली. रुग्णालयं, विमानतळ, बोगदे, उंच इमारती यांच्या पर्यायी विजेचा विचार 'असली तर बरी' इथून 'असलीच पाहिजे' इथे सरकू लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने, म्हणजे एनएफपीएने, आपत्कालीन वीजयंत्रणांसाठीचं '११०' क्रमांकाचं मानक १९८५ मध्ये आणलं. त्यात यंत्रणांचे प्रकार ठरवले आहेत ते वीज गेल्यापासून ती परत मिळेपर्यंत किती सेकंद चालतील यावरून. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे 'टाइप १०', म्हणजे दहा सेकंद.

त्या दहा सेकंदांत

दहा सेकंद म्हणजे दोन-तीन श्वास. तेवढ्यात काय काय घडावं लागतं, ते क्रमाने पाहू.

आपल्याकडे जनरेटरशेजारच्या कपाटाला 'एएमएफ पॅनेल' म्हणतात. वीजमंडळाकडून येणाऱ्या विजेचा दाब मोजत राहणं हे त्याचं काम. दाब ठरावीक पातळीखाली गेला की ते लगेच धावत सुटत नाही. साधारण एखादा सेकंद वाट पाहतं. दिवा नुसता लुकलुकला तरी इंजिन सुरू होऊ लागलं, तर दिवसभरात ते थकून जाईल. सेकंद उलटला तरी वीज आली नाही, की पॅनेल बॅटरीची वीज स्टार्टरला देतं. स्टार्टर इंजिनाला फिरवतो. पहिल्या प्रयत्नात पेटलं नाही तर थोडं थांबून पुन्हा, मग आणखी एकदा. तीन प्रयत्न फसले की पॅनेल हार मानतं आणि भोंगा वाजवतं. उगाच फिरवत राहिलं तर बॅटरी संपेल आणि माणूस आला तरी त्याच्या हाती काही उरणार नाही, हा त्यामागचा विचार.

इंजिन पेटलं की गव्हर्नर त्याचा वेग मिनिटाला १५०० फेऱ्यांवर आणतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला चार ध्रुवांच्या जनित्राचा तेवढा वेग लागतो. दाब आणि वारंवारता जागेवर आल्या की चेंजओव्हर स्विच इमारतीला मंडळाच्या तारेपासून तोडून जनरेटरला जोडतो. हा स्विच असा बांधलेला असतो की दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्याच जाऊ नयेत. तसं झालं तर आपल्या जनरेटरची वीज उलट्या वाटेने रस्त्यावरच्या तारांत जाईल, ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढेल, आणि लाईन बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेला वायरमन जिवाला मुकेल. आपल्या घरातल्या उजेडाची ही बाजू आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

मंडळाची वीज परत आल्यावरही घाई नसते. ती टिकते का, हे काही मिनिटं पाहूनच भार परत दिला जातो. त्यानंतर इंजिन थोडा वेळ रिकामं चालून थंड होतं आणि मगच थांबतं.

या साखळीत इंजिन हा सर्वांत दणकट भाग. दगा देतात ते इतर. पहिला क्रमांक बॅटरीचा. म्हातारी झालेली बॅटरी मीटरवर ऐटीत पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि स्टार्टरचा ओढा लागताच कोसळते. दुसरं डिझेल. टाकीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या डिझेलखाली हवेतल्या दमटपणाचं पाणी साठतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढतात, त्यांचा चिकट गाळ फिल्टर बुजवतो. तिसरी थंडी. लोखंड गार असेल तर दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, म्हणून मोठ्या संचांत इंजिनातलं पाणी कोमट ठेवणारा हीटर बाराही महिने चालू असतो. आणि चौथा, माणसाने भलत्याच जागी सोडलेला सिलेक्टर. आमच्या सोसायटीत घडलं ते अपवादात्मक नव्हतं, हे वाचून मला थोडं समाधान वाटलं आणि थोडी लाजही.

तपासणीचा पेच

यावर उपाय सरळ दिसतो. वरचेवर चालवून पाहावं. पण इथे एक पेच आहे, आणि तो सर्वांत आधी नीट ओळखला तो अणुवीज केंद्रांनी.

अणुभट्टी बंद केली तरी इंधन लगेच थंड होत नाही. किरणोत्सर्गातून उष्णता निघतच राहते, तिला थंड करायला पंप लागतात, पंपांना वीज लागते. म्हणून तिथल्या डिझेल जनरेटरांकडून अपेक्षा अशी की, थंड अवस्थेतून दहा सेकंदांच्या आसपास पूर्ण वेग घ्यायचा. आणि ते तसं करतात हे सिद्ध करायला त्यांना वारंवार तसंच, थंड असताना, झटक्यात सुरू करून पाहिलं जाई. महिनोन्महिने उभ्या इंजिनाच्या बेअरिंगांवरचं तेल ओघळून गेलेलं असतं. अशा कोरड्या इंजिनाला एका झटक्यात पूर्ण वेगावर नेणं म्हणजे झोपेतून उठवलेल्या माणसाला शंभर मीटरची शर्यत पळायला लावणं. इंजिनं झिजू लागली. जी परीक्षा विश्वासार्हता दाखवण्यासाठी होती, तीच विश्वासार्हता खाऊ लागली. जुलै १९८४ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने केंद्रांना पत्र पाठवून अशा थंड, झटपट चाचण्या कमी करण्याची दिशा दिली. आधी तेल फिरवा, इंजिन कोमट करा, मग सुरू करा, असा त्यामागचा रोख होता.

उलट बाजूही तितकीच खरी. इंजिन हळुवारपणे, भार न देता, दहा मिनिटं फिरवलं आणि वहीत 'ठीक' लिहिलं, तर ती परीक्षा खोटी. भाराशिवाय चालणारं डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही. न जळलेलं इंधन आणि काजळी साचत जाते, सायलेन्सरच्या सांध्यांतून काळं तेल झिरपू लागतं. शिवाय चेंजओव्हर स्विच हललेलाच नसतो. म्हणून एनएफपीएच्या मानकात दर महिन्याला किमान ३० मिनिटं, आणि क्षमतेच्या निदान ३० टक्के भारावर, संच चालवायला सांगितलं आहे.

इतकं करूनही शंभर टक्के हमी कुणी देत नाही. १९८८ मध्ये अमेरिकी नियामकाने अणुकेंद्रांच्या आपत्कालीन डिझेल जनरेटरांसाठी विश्वासार्हतेची लक्ष्यं सांगितली, ती ०.९५ आणि ०.९७५. पहिल्याचा अर्थ, शंभर हाकांना पंच्याण्णव ओ. उरलेल्या पाचांसाठी दुसरा जनरेटर. सरकारी कागदात इतका प्रामाणिक आकडा क्वचितच वाचायला मिळतो.

दोन वर्षांतच त्या पाचांपैकी एक वेळ आली. २० मार्च १९९० रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात व्होगल अणुवीज केंद्राच्या आवारात एक मालट्रक मागे घेताना वीजतारेच्या आधारखांबावर आदळला. पहिल्या भट्टीकडे येणारी बाहेरची वीज गेली. भट्टी इंधन बदलण्यासाठी आधीच बंद होती. दोन जनरेटरांपैकी एक दुरुस्तीसाठी उघडून ठेवला होता. दुसरा शहाण्यासारखा सुरू झाला, आणि सव्वा मिनिटाच्या आसपास बंद पडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. इंजिन निर्दोष होतं. त्याचं पाणी फार तापलं असा खोटा निरोप तापमानाचे संवेदक देत होते, आणि संरक्षणयंत्रणा इंजिनाला 'वाचवण्यासाठी' ते थांबवत होती. अखेर ३६ मिनिटांनी कर्मचाऱ्यांनी ते आणीबाणीच्या पद्धतीने, बहुतेक संरक्षणं बाजूला सारून सुरू केलं, आणि ते चालत राहिलं. तोवर भट्टीतलं पाणी ३२ अंश सेल्सिअसवरून ५८ अंशांपर्यंत चढलं होतं.

इंजिनाचा जीव मोठा की ज्यांच्यासाठी ते आहे त्यांचा? कारखान्यात इंजिन तापलं तर बंद करावं. रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असताना, किंवा भट्टी तापत असताना, इंजिन जळालं तरी बेहत्तर, पण ते चाललं पाहिजे. तेच यंत्र, पण कोणत्या प्रसंगी कोणता निरोप ऐकायचा आणि कोणता कानाआड करायचा, हे माणसाने आधी बसून ठरवावं लागतं.

तळघरातल्या वस्तू

यानंतरच्या तीन घटना एकामागोमाग ठेवल्या की एकच गोष्ट तीनदा सांगितल्यासारखी वाटते.

२५ जुलै २००६. स्वीडनच्या फोर्समार्क अणुकेंद्राजवळच्या वीजउपकेंद्रात शॉर्ट सर्किट झालं. त्यातून उसळलेल्या जादा दाबाने केंद्रातल्या चार अखंडित वीजसंचांपैकी, म्हणजे यूपीएसपैकी, दोन बंद पडले. चार डिझेल जनरेटर सुरू झाले, पण त्यांतले दोन आपापल्या वाहिनीला जोडलेच गेले नाहीत. कारण इंजिनाने पुरेसा वेग घेतला की नाही हे मोजणाऱ्या उपकरणाला वीज मिळत होती, ती त्या बंद पडलेल्या यूपीएसकडून. इंजिनं पूर्ण वेगाने धावत होती आणि यंत्रणेला ते कळत नव्हतं. नियंत्रण कक्षातल्या माणसांनी सुमारे २२ मिनिटांनी हाताने वीज जोडून दिली.

११ मार्च २०११. जपानच्या फुकुशिमा दाइइचीत दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. बाहेरची वीज गेली आणि आपत्कालीन जनरेटर ठरल्याप्रमाणे आपोआप सुरू झाले. त्या दहा सेकंदांची परीक्षा ते उत्तम रीतीने पास झाले. साधारण पन्नास मिनिटांनी त्सुनामी आली. बहुतेक जनरेटर तळघरांत होते, ते बुडाले. पण दोन हवेने थंड होणारे जनरेटर उंचावर असल्याने कोरडे राहिले होते. तेही निरुपयोगी ठरले, कारण त्यांची वीज वाटणारी स्विचची कपाटं खाली होती आणि ती पाण्यात गेली होती. सहाव्या भट्टीचा एक जनरेटर आणि त्याची कपाटं तेवढी वाचली. त्या एका यंत्राने पाचवी आणि सहावी भट्टी राखली. बाकीच्या नियंत्रण कक्षांत कर्मचारी आपल्या मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणून मापकं वाचत होते.

२९ ऑक्टोबर २०१२. सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीकाठच्या बेल्व्ह्यू रुग्णालयात शिरलं. तिथले जनरेटर तेराव्या मजल्यावर होते. पुराचा विचार करूनच ते वर नेलेले. इंधनाचे पंप मात्र तळघरात राहिले होते. पंप बुडाले, आणि रुग्णालयातल्या माणसांनी जिन्यावर साखळी करून तेरा मजले हातोहात डिझेल वर चढवलं.

तिन्ही ठिकाणी मोठं, महागडं, नजरेत भरणारं यंत्र शाबूत होतं किंवा ते नीट सुरू झालं होतं. दगा दिला तो त्याच्या आधाराला असलेल्या, कुणाच्या फारशा लक्षात नसलेल्या वस्तूने: मोजमापाचं उपकरण, स्विचचं कपाट, पंप. नाव जनरेटरचं होतं, म्हणून काळजी जनरेटरचीच घेतली गेली. आणि तिन्ही ठिकाणी शेवटी माणसांचे हात कामी आले.

आपल्याकडची उलटी गोष्ट

या इतिहासात आपल्या गावाचाही वाटा आहे. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली, १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स. विहिरीवरच्या इंजिनापासून रुग्णालयाच्या तळघरातल्या संचापर्यंत देशभर पोचलेली कितीतरी डिझेल इंजिनं पुण्याच्या परिसरात घडली. तरी आपल्या जनरेटरांची भरवशाची कीर्ती केवळ कारखान्यांतून आलेली नाही. तिला आपल्या गैरसोयीनेही हातभार लावला.

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून यायचं, आणि ठरल्या वेळी गावोगावचे, गल्लोगल्लीचे जनरेटर धडधडू लागायचे. कुणी त्याला तपासणी म्हणत नव्हतं, पण ती रोजची, पूर्ण भारावरची तपासणीच होती. बॅटरी संपली तर त्याच दुपारी कळायचं. डिझेल टाकीत शिळं व्हायला वेळच मिळत नसे. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातलं वीजजाळं कोसळलं. सुमारे ६० कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. जगाच्या इतिहासात एवढ्या माणसांची वीज एकदम कधी गेली नव्हती. तरीही असंख्य रुग्णालयं, कार्यालयं आणि दूरध्वनीचे मनोरे चालू राहिले, कारण त्यांच्या जनरेटरांना रोजची सवय होती. न्यूयॉर्कला १९६५ मध्ये जी सवय नव्हती ती आपल्याला नाइलाजाने लागली होती.

मुंबईचं मात्र तसं नव्हतं. भारनियमनाच्या काळातही मुंबई शहराला सहसा अखंड वीज मिळाली. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास तिथली वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते, अतिदक्षता विभाग भरलेले होते. ज्या शहरात लाईट जातच नाहीत त्या शहरात, डिझेल किती आहे हा प्रश्न त्या सकाळी एकाएकी सगळ्यांत मोठा झाला.

आता बाकीचा महाराष्ट्रही हळूहळू मुंबईसारखा होत चालला आहे. ही आनंदाचीच गोष्ट. पण विजेचा भरवसा जसजसा वाढतो तसतसा जनरेटरचा भरवसा कमी होत जातो, कारण त्याची रोजची परीक्षा बंद झालेली असते. "लाईट जातातच कुठे?" हा आमच्या सभासदाचा प्रश्न बरोबर होता. त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा उलटा होता. लाईट रोज जात होते तेव्हा देखभालीचा करार नसता तरी एक वेळ चाललं असतं. ते जायचे थांबले, म्हणूनच आता तो हवा.

पुढच्या सभेत मी हे सगळं सांगितलं. फुकुशिमापर्यंत पोचलो तेव्हा दोघे-तिघे उठून गेले होते. तरी ठराव झाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाची वीज आपणच मुद्दाम बंद करायची आणि अर्धा तास लिफ्ट, पंप, जिने जनरेटरवर चालवायचे. पहिल्या रविवारी तक्रारी आल्याच. कुणाचं वॉशिंग मशीन मध्येच थांबलं, कुणाची क्रिकेटची मॅच गेली. जनरेटर नवव्या सेकंदाला लागला. मी घड्याळ लावून पाहिलं.

चौथ्या मजल्यावरच्या आजी तेवढ्या वेळात मुद्दाम लिफ्टने खाली-वर करून गेल्या. "चालतंय," असं वॉचमनला सांगून त्या देवळात निघाल्या.

वॉचमनच्या टेबलावर आता एक वही आहे. तारीख, बॅटरी, डिझेलची पातळी, पाणी, तेल, किती सेकंदांत भार घेतला, असे तिच्यात रकाने आहेत. शेवटचा रकाना मी स्वतः आखला. त्यात लिहिलं आहे: 'सिलेक्टर परत ऑटोवर केला', आणि त्यापुढे सहीसाठी जागा.